नर्सबाईंचा नियम

माझ्या दोन्ही नातवंडांना,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "आजी, सकाळी सातला आलेय, आता चार वाजले. अजून पाणीसुद्धा प्यायले नाही. मास्क काढायचीच भीती वाटते." मग तू जरा चिडूनच तुझ्या दवाखान्यासमोरच्या लोकांविषयी सांगू लागलीस. संध्याकाळी ते गॅलरीत उभे राहून तुमच्यासाठी टाळ्या वाजवतात. तुझ्या भावाने मध्येच विचारलं, "आजी, तुमच्या वेळी असं कधी झालं होतं का?" मी "हो, झालं होतं" एवढंच म्हणाले आणि तब्येतीच्या चौकशांकडे वळले.

ते उत्तर अपुरं होतं. ते पूर्ण करावं म्हणून हे लिहिते आहे. आजवर हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण यात माझी एक चूक आहे आणि ती मी चांगल्या हेतूने, चांगल्या अक्षरात केलेली आहे. आता वय पंच्याऐंशीच्या पुढे गेलं. घराबाहेर पडायचं नाही, म्हणून वेळही भरपूर आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. इंग्रजीतही लिहिता आलं असतं, पण त्यातली माणसं इंग्रजीत बोलली नव्हती. सावकाश वाचा.

सत्तावन्न सालची गोष्ट. मी ठाण्याची, खोपटजवळ आमचं बिऱ्हाड होतं. वडील कचेरीत कारकून. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, पुढे कॉलेजात दोन वर्षं शिकवलं आणि मग डोंबिवलीत दिलं. डोंबिवली तेव्हा गावच होतं. स्टेशनच्या आसपास चार-पाच आळ्या, त्यापलीकडे भातखाचरं, आणि कोपरच्या बाजूने खाडीकडे उतरत गेलं की मिठागरं. आमच्या घरात आम्ही तिघं, म्हणजे मी, तुमचे आजोबा आणि माझ्या सासूबाई. सासूबाई म्हणजे तुमची पणजी. ती रत्नागिरीकडची, अकाली विधवा झालेली, कडक, आणि कोणाच्याही आजारपणात सर्वांत आधी उठून जाणारी.

घरासमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे गावचा दवाखाना. मंगळुरी कौलांच्या तीन खोल्या. नोकरीवर तीन माणसं. डॉक्टर वयस्क होते, कल्याणहून येत. कंपाउंडर मिक्श्चर ढवळता ढवळता बोलत असायचे. तिसऱ्या नर्सबाई. सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. त्या देशावरच्या, चाळिशीच्या, एकट्याच होत्या. दवाखान्यामागच्या खोलीत राहत. बाळंतपणं, इंजेक्शनं, मलमपट्ट्या त्यांच्याकडे. शिवाय एक दिवसाआड खाडीकडच्या वाड्यांवर फेरी, तीही बांधाबांधाने पायी.

बाईंचा एक नियम होता. कामाला गेलेल्या कोणत्याही घरी त्या काही खात नसत, पाणीसुद्धा घेत नसत. शेजारच्या सुनेचं बाळंतपण पहाटेपासून दुपारपर्यंत चाललं. सुटका झाल्यावर बाईंनी हात धुतले आणि निघाल्या. घरातल्यांनी चहाचं विचारलं तर म्हणाल्या, "नको, आम्हाला नियम आहे." एवढंच. गावाने त्या नियमाला आपापली कारणं लावली होती. कोणी म्हणे सरकारचा हुकूम आहे. कोणी म्हणे त्यांनी कसलंतरी व्रत धरलंय. कंपाउंडर म्हणत, "बाईंचं पोट सरकारजमा आहे हो."

मला मात्र तो नियम फार आवडला होता. शाळेत आम्हाला शिस्तीवर धडे होते, आणि इथे एक बाई ती शिस्त पाळून दाखवत होती, असं मला वाटे.

मुंबईला जाणाऱ्या माणसांबरोबर साथ गावात आली. तुमचे आजोबा एका दुपारी ऑफिसातून लवकर परतले आणि चपला न काढताच खाटेवर पडले. अंग भाजत होतं, हाडं दुखत होती. चार दिवसांनी ते उठले तेव्हा आळीतल्या निम्म्या घरांतली माणसं तापाने पडलेली होती. डॉक्टरांनी नाव सांगितलं, इन्फ्लुएंझा. सासूबाईंनी ते नाव मानलं नाही. "ही मानमोडीच," त्या म्हणाल्या. लहानपणी, अठरा सालच्या साथीत, कोकणात त्यांनी मानमोडीचा ताप पाहिला होता. घरंच्या घरं कशी बंद झाली, हे त्या कधी सांगत नसत. त्या दिवशीही सांगितलं नाही, फक्त दळण बाजूला सारलं आणि पेजेसाठी तांदूळ निवडायला बसल्या.

डॉक्टर आजोबांना पाहायला आले तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी लिहिता येतं ना? आमचे कंपाउंडर कालपासून अंथरुणात आहेत. पेशंटचे कागद लिहायला माणूस नाही. उद्यापासून याल का?"

मी सासूबाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "मी लिहिणार आहे का इंग्रजी? जा. मात्र परत आलीस की आधी आंघोळ, मग घर."

अशी मी दवाखान्यात बसू लागले. नाव, वय, ताप किती दिवस, हे कागदावर लिहायचं. पुड्या बांधायच्या. औषधाची बाटली लोक घरून आणत. तिच्यावर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायची, म्हणजे न वाचता येणाऱ्यालाही डोस कळे. दोन दिवसांत मला ते जमलं. मग मी घरांची यादी केली. ज्या घरी सगळेच पडलेत आणि चूल पेटत नाही, तिथे पेज कोणी पोचवायची, कोणत्या वारी कोणी रांधायची. आळीवार कोष्टक आखलं, रेघा पट्टीने मारल्या. आळीतल्या बायकांनी ते मनापासून पाळलं. डॉक्टरांनी पाहून मान डोलावली. मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवते.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर स्वतः तापाने घरी राहिले. चिठ्ठीवर सूचना लिहून पाठवत, त्याप्रमाणे बाई सगळं चालवत. सकाळी दाराशी रांग, दुपारी वाड्यांची फेरी, संध्याकाळी पुन्हा रांग. दवाखान्याचा स्टोव्ह चोंदला होता. बाईंनी आपल्या खोलीतला स्टोव्ह आणून टेबलावर ठेवला आणि त्यावर दिवसभर सिरिंजा उकळू लागल्या. मी म्हणाले, "बरं झालं, तुमच्याकडे होता." त्या म्हणाल्या, "हो ना."

याच दिवसांत एक नवीन गोष्ट घडू लागली होती. तिचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. लोक बाईंसाठी काहीबाही घेऊन येऊ लागले होते. जिचा नवरा बाईंच्या इंजेक्शनांनी उठला, ती कपभर दूध झाकून घेऊन आली. विहिरीजवळच्या आळीतली एकजण चहाचा पेला घेऊन बाईंच्या मागे दारापर्यंत आली. "घ्या ना बाई. आमच्याकडचा घेतलात तर काय होतंय?" बाई दारात थांबल्या. नको म्हणाल्या, पण एकदम नाही. पेल्याकडे पाहत राहिल्या, हात पदराला पुसला, मग आत रांगेकडे पाहिलं. रांगेतला एक म्हातारा खोकत होता. "नको," त्या पुन्हा म्हणाल्या आणि आत आल्या.

मला वाटलं, बाईंना या आग्रहाचा त्रास होतोय. प्रत्येकाला नको म्हणण्यात वेळ जातोय, संकोच होतोय. आपण त्यांचं काम हलकं करावं. घरून जाड पुठ्ठा आणला आणि बोरूने लिहिलं: 'नर्सबाई कामावर असताना कोणाकडचे अन्नपाणी घेत नाहीत. कृपया आग्रह करू नये.' दाराजवळच्या खिळ्याला तो अडकवला.

बाई फेरीवरून आल्या, तो वाचला.

"अक्षर सुरेख आहे, वहिनी," त्या म्हणाल्या.

मी ती शाबासकी समजले. त्या दिवसापासून कोणी काही आणलं नाही. गावात वाचता येणारे कमी, पण वाचून सांगणारे पुष्कळ होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई काम करता करता पायरीवर बसू लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "पाय दुखतात." मी घरून स्टूल आणून दिलं. त्या खोकत होत्या, पण तेव्हा कोण खोकत नव्हतं? लुगड्याच्या निऱ्या त्यांना पुन्हा पुन्हा खोचाव्या लागत होत्या. हे मी पाहिलं होतं, आठवत होतं, आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. माझ्या कोष्टकात गावातल्या सगळ्या आळ्या होत्या. दवाखाना कोणत्याच आळीत येत नव्हता.

एका सकाळी दवाखाना उघडायला बाई आल्या नाहीत. मला वाटलं, वाडीवर अडकल्या असतील. मी रांगेतल्यांचे कागद लिहू लागले. तेवढ्यात खाडीकडून एक बाई आली. गुडघ्यापर्यंत चिखल, काष्टा, डोक्यावर इरलं. मिठागरावर काम करणारी, पन्नाशीच्या पुढची. तिची सून बाळंत होऊन तापाने पडली होती आणि तिला बाई इंजेक्शनं देत होत्या.

"नरसबाय कुठं हाय?" तिने विचारलं.

"तुमच्याकडे नाहीत?"

"आमचेकडं असती तर मी आले असते का इथं? काल आली नाय. परवा बांधावर बसली व्हती, उठता येईना तिला. मी हात दिला तवा उठली. अंग नुसता जळत व्हता." मग ती माझ्या टेबलावर हात टेकून म्हणाली, "तुम्ही तिला खायला काय देता का नाय?"

मी पुठ्ठ्याकडे बोट केलं. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"ह्यो कोनी लिवला?"

"मी."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आनि तू जेवून येतेस ना गो, बाय?"

रांगेत कोणीतरी हसलं. मी उठले. आम्ही दोघी मागच्या खोलीकडे गेलो.

दार नुसतं लोटलेलं होतं. बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. श्वास ऐकू येत होता. स्टोव्ह जिथे असायचा तिथे फरशीवर फक्त गोल डाग होता. फळीवर तांदळाचा डबा होता, त्यात तांदूळ होते. डाळ होती. शिजवायला काही नव्हतं. उशाशी शेंगदाण्यांची अर्धी पुडी पडली होती. दहा दिवस त्या शेंगदाण्यांवर आणि स्टेशनवरच्या चहावर होत्या, हे मला नंतर कळलं.

"बाई, तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं. हा मूर्ख प्रश्न होता.

"स्टोव्ह तिकडे आहे ना," त्या म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना मी काय विचारलं ते नीटसं कळलंच नव्हतं.

डॉक्टरांना निरोप गेला. ते गळपट्टा गुंडाळून, धापा टाकत आले. तापातून उठून त्यांना दोनच दिवस झाले होते. त्यांनी बाईंची छाती तपासली, पाठ तपासली. बाहेर येऊन म्हणाले, "न्यूमोनिया. ठाण्याला हलवण्यासारखी स्थिती नाही. पेनिसिलिन आहे, ते मी देतो. पण अंगात काही उरलेलंच नाही. पोटात अन्न गेलं नाही तर औषध एकटं काही करणार नाही." मग आमच्या सगळ्यांकडे पाहून त्यांनी विचारलं, "यांना जेवायला कोण घालतं?"

दवाखान्यात त्या वेळी वीसेक माणसं होती.

मी घरी आले. सासूबाईंनी आळीसाठी पेज केलेली होती. मी कल्हईचं एक लहान पातेलं घेतलं आणि त्यात ओतू लागले.

"हे कोणाला?"

"नर्सबाईंना. अंथरुणाला खिळल्या आहेत, दहा दिवसांत जेवल्या नाहीत."

सासूबाई म्हणाल्या, "त्यांना चालतं का आपल्याकडचं?"

"चालेल."

"आणि आपल्याला?"

मी पेज ओतत राहिले. त्यांनी माझ्या हातातून पळी घेतली, पेजेत तूप घातलं, वर थोडं लिंबाचं लोणचं ठेवलं. "ने," त्या म्हणाल्या. "गरम गरम दे. पण भांडं तिकडेच राहू दे."

तेव्हा मला तो नियम कळला.

तुम्हाला हे स्पष्ट सांगायला हवं. बाई ज्या समाजातल्या होत्या, त्या समाजाच्या माणसांना आमच्यासारख्या घरांत पेला देत नसत. दिला तर तो परत घरात घेत नसत. कायद्याने हे सगळं संपलेलं होतं. बाईंची जात गावाला ठाऊक होती आणि कोणी तिचा उच्चार करत नसे. बाळंतपणाला त्यांचे हात चालत, कारण त्या हातांवाचून चालत नव्हतं. त्यानंतर चहा द्यायचा की नाही, कशात द्यायचा, तो पेला कोणी विसळायचा, हे प्रश्न बाईंचा नियम परस्पर सोडवत होता. म्हणूनच तो आम्हा सगळ्यांना इतका आवडत होता. मी कॉलेजात असताना याच विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला होता. त्याला बक्षीस मिळालं होतं.

मी पेज नेली, आणि सासूबाईंनी सांगितलं होतं तसं भांडं तिकडेच ठेवून आले.

त्या दिवशी मिठागरावरच्या बाईने बाईंना पाठीमागून धरून बसवलं आणि मी चमच्याने भरवू लागले. पहिला चमचा ओठांशी नेला तर बाईंनी तोंड फिरवलं. "नियम..." असं काहीसं म्हणाल्या.

"कसला नियम घेऊन बसलीस?" मागची बाई म्हणाली. "मरून गेलीस तर माझे सुनेला सुई कोन टोचल? ही? हिला लिवता येतं नुसता."

बाई किंचित हसल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. अर्धी वाटी गेली. मग त्या थांबून थांबून बोलू लागल्या. पहिल्या नोकरीत एका घरी दीड दिवस बाळंतीण अडली होती. मूल आडवं होतं, त्यांनी ते फिरवून बाहेर काढलं. मग पाणी मागितलं. घरातल्या म्हातारीने लांबूनच तांब्या धरला आणि ओंजळ करायला सांगितली. वरून धार सोडली.

"हात अजून धुतलेसुद्धा नव्हते, वहिनी," त्या म्हणाल्या. "त्यांचंच मूल होतं हाताला. तेव्हा ठरवलं, मागायचंच नाही. कोणी द्यायला आलं तर नियम आहे म्हणायचं. म्हणजे त्यांचीही लाज राहते, आपलीही."

मी म्हणाले, "आणि मी तो पुठ्ठ्यावर लिहिला."

"पुन्हा आणला असता तर तो चहा मी घेणार होते," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी. ठरवलं होतं."

मी वाटी खाली ठेवली आणि दवाखान्यात जाऊन पुठ्ठा काढला.

पुढचे पाच-सहा दिवस बाई जगतात की जातात, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. ते रोज सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन देत. त्यांचा हात कापे, म्हणून सिरिंज भरताना मी बाटली धरत असे. मी कोष्टक नव्याने आखलं आणि सर्वांत वर दवाखाना लिहिला. आळीतल्या बायकांना मी घरोघरी जाऊन सांगितलं की नियम नव्हताच, बाई उपाशी होत्या. कोणी वाद घातला नाही. एका घरून मुगाचं कढण आलं, एका घरून ताकभात, कुठून रव्याची खीर. सगळं भांड्यांत झाकून, गरम. आणि एकाही घराने आपलं भांडं परत मागितलं नाही. मिठागरावरची बाई सुनेचं आटपून रोज येई. तांदळाची भाकरी फडक्यात बांधून आणी आणि फडकं झटकून परत नेई. भांड्यांच्या रांगेत तिचं काही नव्हतं.

सातव्या दिवशी ताप उतरला. बाईंनी स्वतः उठून पाणी घेतलं. कंपाउंडरही त्याच दिवशी कामावर आले. गाल बसलेले, आवाज गेलेला, पण दारातूनच म्हणाले, "काय बाई, सरकारने पोट परत दिलं म्हणे?" बाई इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली आणि डॉक्टर कंपाउंडरांवर रागावले.

दुपारी मी खोलीत गेले तेव्हा बाई फळीकडे पाहत बसल्या होत्या. तिच्यावर अकरा भांडी होती. पातेल्या, वाट्या, कडीचे डबे, दोन पितळी, बाकी कल्हईची नि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. तेव्हा भांड्यांवर घरच्या माणसाचं नाव कोरून घेत. प्रत्येक भांड्यावर नाव होतं.

"लग्नात एवढी भांडी मिळाली नव्हती मला," त्या म्हणाल्या.

मी हसले. मग हसू पुरलं नाही. त्यांना ती भांडी तिथे का आहेत हे चांगलं ठाऊक होतं, आणि मलाही ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे.

आठवड्याने, रविवारी सकाळी, बाईंनी ती सगळी चिंच आणि राखेने घासली. उन्हात वाळवली, टोपलीत रचली. मी म्हणाले, "मी येते बरोबर. टोपली जड आहे."

"तुम्ही येऊ नका, वहिनी. तुम्ही आलात तर तुमच्या हातातून घेतील."

म्हणून त्या एकट्या गेल्या. रविवार त्यांनी मुद्दाम निवडला होता. सगळी कर्ती माणसं घरी असतात. प्रत्येक दाराशी थांबायचं, भांड्यावरचं नाव वाचून हाक मारायची आणि म्हणायचं, "तुमचं भांडं." बाकी काही नाही. मी आमच्या ओट्यावर उभी राहून पाहत होते. एका घरी म्हणाले, "राहू द्या हो, तुम्हालाच ठेवा." बाई म्हणाल्या, "माझ्याकडे आहेत." आणि हात पुढे धरून तशाच उभ्या राहिल्या. एका घरी पायरीवर ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवलं नाही. शेवटी त्या घरच्या कर्त्याने येऊन हातात घेतलं. विहिरीजवळच्या आळीतल्या त्या बाईने मात्र भांडं घेतलं आणि त्यांना हाताला धरून आत नेलं. तिथे बराच वेळ लागला.

आमचं घर शेवटी आलं. सासूबाई दारात होत्या. बाईंनी माझ्या सासऱ्यांचं नाव वाचलं आणि पातेलं पुढे केलं. "मावशी, तुमचं भांडं."

सासूबाईंनी पातेल्याकडे पाहिलं, मग बाईंच्या मनगटाकडे. ते मनगट फारच बारीक झालं होतं. त्यांनी दोन्ही हातांनी पातेलं घेतलं.

"अजून अशक्त आहात," त्या म्हणाल्या. "उन्हात हिंडायचं काय अडलं होतं? चहा घ्याल?"

"घेईन," बाई म्हणाल्या.

मी चहा केला. सासूबाईंनी कान तुटलेला कप पुढे सरकवला. तो बाहेरच्यांसाठी वेगळा ठेवलेला होता. मी तो परत ठेवला आणि आमच्या रोजच्यातला कप घेतला. बाईंनी ओट्यावर बसून चहा घेतला आणि कप विसळायला उठू लागल्या. मी तो त्यांच्या हातातून घेतला, विसळला आणि आमच्या कपांत ठेवला. सासूबाई पाहत होत्या. पुढे महिनाभर त्या चहा घ्यायच्या थांबल्या, पित्ताचं कारण सांगून. त्यानंतर पुन्हा घेऊ लागल्या. त्या काळात मी एवढंच केलं. त्याहून जास्त काही केलं असं तुम्ही समजू नका.

डॉक्टरांनी मात्र एक कायमची सोय केली. दुपारी साडेबाराला दवाखान्याचं दार अर्धा तास बंद ठेवायचं आणि तिथल्या माणसांनी आधी जेवायचं, रांग कितीही असो. पहिले काही दिवस लोक कुरकुरले. कंपाउंडर आतून ओरडायचे, "आम्ही मेलो तर औषध कोण देईल? थांबा जरा." लोक थांबायला शिकले.

साथ ओसरली. आमच्या गावातली काही माणसं तिने नेली. ती नावं मला अजून पाठ आहेत, पण ती इथे लिहीत नाही. बाई आणखी पाच वर्षं आमच्याकडे होत्या. पहिल्यासारखं झपझप चालणं मात्र त्यांना पुन्हा जमलं नाही, खाडीकडे जाताना वाटेत बसावं लागे. तुमच्या बाबाचा जन्म त्यांच्याच हातचा. पुढे शीळफाट्याच्या बाजूला त्यांची बदली झाली. दोन पत्रं आली, मग मीच उत्तर द्यायला उशीर केला.

तेव्हा मुली, टाळ्या वाजवणाऱ्यांवर रागावू नकोस, पण वेळेवर जेवत जा. आणि कोणी खाण्यापिण्याचं विचारलं तर 'मला नको' असं म्हणू नकोस.

डॉक्टर, कंपाउंडर, तुमची पणजी, तुमचे आजोबा, मिठागरावरची बाई, यांतलं आता कोणी नाही. बाईंचं काय झालं ते मला माहीत नाही. कौलारू दवाखाना पाडून त्याच जागी इमारत झाली आहे आणि तिच्या तळमजल्यावर आरोग्य केंद्र आहे. ही साथ सुरू होण्याआधी मी तिथे रक्तदाब तपासायला गेले होते. साडेबारा वाजले तशी तिथल्या नर्सने दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "आजी, अर्धा तास बसा, जेवणाची सुट्टी आहे." ही सुट्टी कधीपासून आहे, असं मी विचारलं. तिला माहीत नव्हतं. पहिल्यापासूनच आहे, असं ती म्हणाली.